मागून आणलेला कॅमेरा आणि जंजिऱ्याची वाट

अलिबाग सोडून मुरूडकडे निघाले की साधारण ५० किलोमीटरच्या वाटेत समुद्र कधी उजव्या हाताला अगदी जवळ येतो, तर कधी नारळी-सुपारीच्या वाड्यांमागे लपतो. चौल, रेवदंडा, खाडीवरचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मग मुरूड. रस्ता अरुंद आहे, वळणे पुष्कळ आहेत, पण घाई नसेल तर महाराष्ट्रात इतकी देखणी वाट शोधून सापडायची नाही.

अशा सहलीला निघताना घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. फोटो फोनवरच काढायचे की चांगला कॅमेरा न्यायचा? चांगला कॅमेरा विकत घेणे सर्वांना परवडत नाही, आणि वर्षातून चार दिवसांसाठी घ्यावा असेही वाटत नाही. मग नात्यात कुणाकडे आहे याची आठवण होते आणि फोन जातो. लग्न, अकीका, बिस्मिल्लाह, सहल, परदेशातून आलेले पाहुणे, असे कुठलेही निमित्त त्याला पुरते. देणारा नाही म्हणू शकत नाही आणि घेणारा अटी विचारत नाही. वस्तू जाते, येते, आणि कधी कधी तिच्याबरोबर गेलेला जिव्हाळा परत येत नाही.

आमच्या नात्यातच दोन घरांमध्ये असे घडले आहे. एका घरातून दुसऱ्या घरात लांबचे फोटो काढायची एक झूम लेन्स ईदच्या सुट्टीसाठी गेली. सुट्टी संपली, पावसाळा लागला, लेन्स कपाटात कपड्यांमागे राहिली. मालकाने संकोचाने मागितली नाही. सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा काचेच्या आत बुरशीची जाळी धरली होती. कुणी कुणाला एक शब्द बोलले नाही. पुढच्या वलीम्याची दावत मात्र एका घरातून दुसऱ्या घरात गेली नाही. भांडण झाले असते तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलेही असते, पण न बोललेल्या गोष्टीत मध्यस्थी कोण करणार?

म्हणून या वेळी मुरूड-जंजिऱ्याची सहल ठरली आणि भाच्याचा कॅमेरा मागायचा विचार निघाला, तेव्हा आम्ही आधीच ठरवले की जे काही असेल ते तोंडावर, मोकळेपणाने बोलून घ्यायचे.

पनवेलचा मुक्काम

आम्ही पुण्याचे. आमच्या आपा पनवेलला असतात. दूल्हाभाई मूळचे श्रीवर्धनकडचे, कोकणी. त्यांचा धाकटा मुलगा लग्नांचे फोटो काढतो, आणि त्याचे घर त्यावरच चालते. नोव्हेंबरातले चार दिवस त्याच्याकडे काम नव्हते. पुढच्या बुधवारी मात्र एका लग्नाची हळद होती.

जेवणे झाल्यावर त्याने बॅग उघडून सगळे सामान सतरंजीवर मांडले. एक कॅमेरा, दोन लेन्सा, दोन बॅटऱ्या, चार्जर, पुढची-मागची झाकणे, हवा मारायचा रबरी फुगा, पुसायचे मऊ फडके. आमच्या मुलीने एका कागदावर प्रत्येक वस्तू आणि तिचा नंबर लिहून घेतला. कॅमेऱ्यावर आणि लेन्सवर आधीच असलेले दोन ओरखडे त्याने स्वतः दाखवले आणि आम्ही फोनवर त्यांचे फोटो काढून ठेवले. आपांना हे जरा परके वाटले. त्या म्हणाल्या, “अगं, घरच्या घरात कसली यादी करता?” भाचा हसून म्हणाला, “अम्मी, यादी मामूंसाठी नाही. मीच विसरतो, काय दिलं होतं ते.”

मग त्याने आपली मेमरी कार्डे काढून घेतली. हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्याच्या कार्डांवर लोकांच्या घरची लग्ने असतात. मेंदीचे, जनाना बैठकीचे, नवरीच्या मैत्रिणींचे फोटो असतात. त्या घरांनी ते फोटो काढू दिले ते त्याच्यावर विश्वास ठेवून. कॅमेरा आम्हाला देणे त्याच्या हातात आहे, ते फोटो देणे त्याच्या हातात नाही. आम्ही पुण्याहूनच नवे कार्ड विकत घेऊन गेलो होतो, तेच घातले. कॅमेरा देताना आपले कार्ड काढून घ्यावे आणि घेताना आपले कार्ड घेऊन जावे, हा नियम प्रत्येक घराने पाळावा असे आम्हाला वाटते. पुसलेले फोटोही साध्या साधनांनी पुन्हा काढता येतात, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. त्यामुळे ‘डिलीट करून देतो’ हे आश्वासन पुरेसे नाही.

यानंतर खरा प्रश्न निघाला. समजा लेन्स पडली, फुटली, तर?

दूल्हाभाई म्हणाले, “मराठीत ‘उसनं’ आणि ‘मागून आणलेलं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. उसनी साखर परत करताना कुणी तेच दाणे परत करत नाही, तेवढीच दुसरी साखर देतो. ते कर्ज. पण मागून आणलेला पाटा-वरवंटा असेल तर तोच पाटा परत द्यायचा असतो. त्याला आपल्याकडे आरियत म्हणतात. कॅमेरा म्हणजे आरियत.”

आणि मग जी माहिती निघाली ती आम्हालाही नवी होती. पुण्याकडचे, देशावरचे आपण बहुतेक लोक हनफी, आणि कोकणी मुसलमान शाफई. आरियतीच्या बाबतीत या दोन मसलकांत फरक आहे. हनफी मतानुसार मागून आणलेली वस्तू घेणाऱ्याकडे अमानत असते. त्याने हलगर्जी केली नसेल, परवानगीबाहेर वापरली नसेल आणि तरीही ती नष्ट झाली, तर भरपाई त्याच्यावर येत नाही. शाफई मतानुसार ज्या वापरासाठी दिली त्या वापराने वस्तू झिजली तर हरकत नाही, पण इतर कारणाने गेली तर घेणाऱ्याने भरून द्यायची, चूक असो वा नसो. म्हणजे एकाच सतरंजीवर बसलेल्या मामू आणि भाच्याच्या मनात, दोघेही नेक असताना, दोन वेगळे नियम असू शकतात. लेन्स फुटल्यावर एकाला वाटेल, “माझी चूक नव्हती,” आणि दुसऱ्याला वाटेल, “भरून तर द्यायलाच हवी होती.” दोघांनाही दुसरा बेइमान वाटेल.

शाफई आलिम आधार देतात तो हुनैनच्या लढाईपूर्वीच्या, हिजरी ८ मधल्या प्रसंगाचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केच्या सफवान बिन उमैयाकडे चिलखते मागितली. सफवान तोवर मुसलमान झाला नव्हता. त्याने विचारले की ही जबरदस्ती आहे काय. प्रेषितांनी (स.) सांगितले की नाही, ही मागून घेतलेली वस्तू आहे आणि तिची हमी आहे. सत्ता हातात असताना मागून घेणे, आणि देणाऱ्याने शंका विचारल्यावर न रागावता हमी देणे, एवढे या एका प्रसंगात आहे. आणि देणारा आपल्या धर्माचा नसला तरी हमी तीच, हेही आहे. आमच्याबरोबर तिपाई होती ती शेजारच्या निवृत्त सरांची. तिचाही नंबर मुलीने त्याच कागदावर लिहिला.

मसल्याचा बारीकसारीक खुलासा आपापल्या आलिमांकडून करून घ्यावा. आमच्यापुरते आम्ही त्या रात्री ठरवले, की देणाऱ्याच्या मनात जो नियम आहे तो घेणाऱ्याने कबूल करायचा. भाचा शाफई, तर भरपाईची जबाबदारी आमची. एवढे बोलल्यावर भाच्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला आम्हाला दिसला. तो होता, हे आधी जाणवलेही नव्हते.

चौल ते काशीद

सकाळी पेणमार्गे अलिबाग गाठले आणि चौलच्या रस्त्याला लागलो. आज चौल म्हणजे वाड्या, विहिरी, देवळे, मशिदी आणि शांतता. पण हे एके काळचे मोठे बंदर. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला. त्याने या बंदराला सैमूर म्हटले आहे, आणि इथल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीची नोंद केली आहे. कोकणात शाफई मसलक आला तो याच समुद्रवाटेने, अरब व्यापाऱ्यांबरोबर. आदल्या रात्री सतरंजीवर निघालेल्या मसल्याची मुळे अशी या बंदरांच्या मातीत सापडली, याचे मुलांना फार नवल वाटले.

रेवदंड्याला पोर्तुगिजांच्या किल्ल्याची तटबंदी रस्त्यातच लागते. खाडी ओलांडली की कोर्लई. डोंगराच्या सोंडेवर किल्ला, खाली दीपगृह, आणि गावात पोर्तुगीज मिसळलेली एक वेगळीच बोली आजही घराघरांत बोलली जाते. गावातल्या एका म्हाताऱ्या बाई दारात जाळे विणत बसल्या होत्या. फोटो काढू का, असे विचारले. त्यांनी मानेने नको म्हटले, आणि मग आम्हाला पाणी विचारले. आम्ही पाणी प्यालो, फोटो काढला नाही.

काशीदचा किनारा पांढरट वाळूचा, लांबलचक आणि वाऱ्याचा. इथेच पहिली कसोटी लागली. मुलाला लांबून बोटींचे फोटो हवे होते, त्यासाठी लेन्स बदलायची होती. पण लेन्स काढली की कॅमेऱ्याचे पोट उघडे पडते, आणि आत फोटो टिपणारा जो नाजूक भाग असतो त्यावर एक कण बसला तरी पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो. किनाऱ्यावरची वाळू डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक उडत असते. भाच्याने सांगून ठेवले होते, “लेन्स बदलायची तर गाडीत, काचा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून.” मुलगा कुरकुरत गाडीपर्यंत चालत गेला. तेवढ्यात बोटी निघून गेल्या. स्वतःचा कॅमेरा असता तर त्याने तिथेच लेन्स बदलली असती आणि आम्हीही कदाचित काही बोललो नसतो. पण वस्तू दुसऱ्याची असली की फोटो हुकलेला चालतो.

सरांची तिपाई वाळूत उभी केली ती पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. तिपाईच्या सांध्यांत खारी वाळू शिरली की पुढे प्रत्येक वेळी ती करकरते, आणि आवाज ऐकला की मालकाला आपली आठवण येते. ती चांगली आठवण नसते.

आणखी एक गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागली. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, किती वेळा उघडमीट करील याचा कंपन्या अंदाज देतात. बहुतेक कॅमेऱ्यांत तो एक-दोन लाखांच्या घरात असतो. बोट दाबून धरले की एका सेकंदात आठ-दहा फोटो निघतात. हौसेखातर लाटांचे पाचशे फोटो काढले तर त्यातले चारशे नव्वद आपण पुसून टाकतो, पण पडद्याचे पाचशे झटके खर्च झालेले असतात. आणि तो पडदा म्हणजे भाच्याची रोजीरोटी. मागून आणलेल्या घोड्यावर दोन मैल जास्त दौडू नये, तसेच हे आहे.

राजापुरीची जेटी आणि जंजिरा

मुरूडपासून थोडे पुढे राजापुरी. तिथून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने त्या बंद असतात. आम्ही पोहोचलो तो शुक्रवार होता. जुम्याची वेळ झाली आणि बरेच नाखवे नमाजला गेले. आम्हा पुरुषमंडळींनाही जायचे होते. कॅमेरा गाडीत ठेवावा तर आत भट्टी तापलेली. मशिदीत न्यावा तर लक्ष नमाजात राहत नाही. शेवटी अम्मी आणि मुलगी बॅग घेऊन झाडाच्या सावलीत बसल्या. अम्मी म्हणाल्या, “तुम्ही जा. मी इथेच तसबीह वाचते आणि बॅगेवर हात ठेवते. दोन्ही कामं होतील.”

होडी सुटली की जंजिरा हळूहळू मोठा होत जातो, पण दरवाजा काही दिसत नाही. तट सलग वाटतो. अगदी जवळ गेल्यावर बुरुजांच्या आड दडलेले महाद्वार एकदम समोर येते. जंजिरा हे नाव अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आले. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी इथे राज्य केले आणि भरसमुद्रातला हा किल्ला शेवटपर्यंत राखला. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याला शह देण्यासाठी जवळच कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला, तो तटावरून स्पष्ट दिसतो. संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न केला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

आम्ही गेलो तेव्हा किल्ल्याच्या दाराशी धक्का नव्हता. होडी लाटेवर वरखाली होत होती, आणि पायरीजवळ आली की नाखवा हात देई, तेव्हा उडी मारून चढायचे. कॅमेऱ्याला धोका असतो तो याच क्षणी. गळ्यात लोंबता कॅमेरा घेऊन उडी मारली की तो दगडावर आपटतो. आम्ही राजापुरीलाच कॅमेरा बॅगेत, बॅग जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी पाठीवर, असा बंदोबस्त केला होता. होडीतून फोटो काढायचे नाहीत, असे घरातच ठरले होते. दरवाजा उलगडतानाचा तो फोटो आमच्याकडे नाही. डोळ्यांनी पाहिले तेवढे पुरे.

आत मात्र मनसोक्त हिंडलो. दरवाज्यावरचे पंजांत हत्ती धरलेल्या वाघाचे शिल्प, कलाल बांगडी ही अजस्र तोफ, सुरुलखानाच्या वाड्याचे उंच पडके अवशेष, आणि चहूकडे खारट समुद्र असताना आत असलेले गोड्या पाण्याचे तलाव. तलावाच्या काठावर मुले बराच वेळ गप्प बसून राहिली.

तिथेच एक प्रसंग घडला. महाविद्यालयातल्या पाच-सहा मुली अभ्यास-सहलीला आल्या होत्या. त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, आणि कॅमेरा आमच्यासारखाच, त्याच कंपनीचा. एकीने अदबीने विचारले, “काकू, तुमच्याकडे जादा बॅटरी आहे ना? अर्ध्या तासासाठी द्याल का?”

आम्ही नाही म्हटले, आणि आमची मुलगी नाराज झाली. ती म्हणाली, “अम्मी, एक बॅटरीच तर मागत होती. सूरह माऊनमध्ये काय सांगितलंय?” तिचे चूक नव्हते. रोजच्या वापरातल्या किरकोळ वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्याला नाकारणाऱ्यांची त्या सूरहमध्ये निंदा आहे, आणि मुफस्सिरांनी हंडा, बादली, कुऱ्हाड अशी उदाहरणे दिली आहेत. आजच्या काळात बॅटरी आणि चार्जर त्या यादीत सहज बसतील. पण हंडा आपला असेल तेव्हा. बॅटरी आमची नव्हती. शाफई मतानुसार मागून आणलेली वस्तू मालकाला न विचारता तिसऱ्याला देता येत नाही. हनफी मतात थोडी सवलत आहे, पण ज्या वस्तूला कुणी कसे वापरले याने फरक पडत नाही अशाच वस्तूंपुरती.

मग वाट काढली ती मुलीनेच. तिने त्या मुलींना विचारले की तुम्हाला कोणते फोटो हवे आहेत. त्यांना तोफेच्या कड्या, तटातल्या शिशाच्या दरजा आणि दरवाज्यावरचे शिल्प हवे होते. तिने ते सगळे आमच्या कार्डावर काढले आणि संध्याकाळी मुक्कामावरून पाठवून दिले. बॅटरी देता आली नाही, पण अर्धा तास आणि थोडी मेहनत देता आली. ती आमची स्वतःची होती.

खोकरीचे घुमट

दुसऱ्या दिवशी राजापुरीजवळच्या खोकरीला गेलो. सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट इथे झाडीत उभे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सिद्दी सुरुलखानाचा. दगडावरची नक्षी आणि जाळ्या पाहत राहाव्या अशा. जंजिऱ्यावर गर्दी असते, इथे मात्र पाखरांचा आवाज ऐकू येतो. आम्ही आत जाऊन फातिहा पढली आणि बाहेर फोटो काढले.

निघताना लक्षात आले की लेन्सचे पुढचे झाकण नाही. मुलाच्या खिशातून गवतात कुठेतरी पडले होते. झाकण ते काय, एवढासा प्लास्टिकचा गोल. पण घरातले सहाही जण गवतात वाकून शोधू लागले. अम्मी सावलीत बसून म्हणाल्या, “शोधा, शोधा. हजरत आयशांच्या (र.) हारासाठी तर सगळा काफिला थांबला होता.”

ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना तयम्मुमच्या संदर्भात माहीत असते. त्यातला एक तपशील मात्र सहसा ध्यानात राहत नाही. प्रवासात हरवलेला तो हार हजरत आयशांचा (र.) स्वतःचा नव्हता. तो त्यांनी बहीण हजरत अस्मा (र.) यांच्याकडून मागून आणला होता. शोधासाठी मुक्काम पडला, तिथे पाणी नव्हते, लोक हैराण झाले, आणि तयम्मुमची आयत उतरली. शेवटी उंट उठवला तेव्हा हार त्याच्याखाली सापडला. मागून आणलेल्या वस्तूसाठी काफिला थांबवण्यात कुणी कमीपणा मानला नाही.

आमचे झाकण अर्ध्या तासाच्या शोधानंतरही सापडले नाही. तिथूनच भाच्याला फोन केला. घरी गेल्यावर सांगू, असे केले नाही. त्याने लगेच सांगितले की लेन्सवर कोरडे मऊ फडके बांधा आणि बॅगेत आडवी ठेवू नका. हरवल्याची बातमी लवकर दिली की मालकाला राहिलेली वस्तू वाचवता येते. नुसते शरमून गप्प बसल्याने दुसरे नुकसान होते.

संध्याकाळी मुरूडच्या खोलीवर पंखा बंद करून सगळे सामान स्वच्छ केले. आधी फुग्याने हवा मारून वाळूचे कण उडवले, कारण कण असताना फडके फिरवले की ते काचेवर ओरखडे काढतात. खाऱ्या हवेचा चिकट थर गोड्या पाण्याने जरासे ओलसर केलेल्या फडक्याने बाहेरून पुसला आणि लगेच कोरडे केले. नव्या बुटांच्या खोक्यात येतात तशा, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या बॅगेत टाकल्या. कोकणच्या दमट हवेत बुरशी धरायला फार वेळ लागत नाही.

परतीचा हिशेब

मंगळवारची वाट न पाहता रविवारीच पनवेल गाठले. भाच्याला बुधवारी काम, म्हणजे त्याला सामान तपासायला आणि काही बिघडले असेल तर दुरुस्तीला दोन दिवस हवेत. वस्तू परत पोहोचवण्याचे कष्ट आणि खर्च घेणाऱ्याचा, हेही आरियतीतच येते. “तुमच्याकडे येणार आहे कुणी तेव्हा पाठवून द्या,” असे मालकाने म्हटले तरी आपणच जावे.

बॅटऱ्या पूर्ण चार्ज केलेल्या होत्या. कार्ड आमचे आम्ही काढले. फोनशी जोडलेले वायफायचे नाते तोडले, नाहीतर पुढच्या लग्नात त्याचा कॅमेरा आमचा फोन शोधत बसला असता. आम्ही बदललेल्या तारीख, आकार, आवाज अशा सेटिंगा पूर्ववत केल्या. कागदावरची यादी पुढे ठेवली आणि एकेक वस्तू त्याच्या हातात दिली. झाकण वाटेत एका दुकानातून त्याच मापाचे, त्याच कंपनीचे घेतले होते.

भाचा ते घेईना. “मामू, एवढ्याशा झाकणाचं काय? मला लाजवू नका.” आम्हीही आग्रह किती करावा या विचारात पडलो. तेव्हा दूल्हाभाई त्याला म्हणाले, “घे बेटा. तू घेतलंस तर मामू पुढच्या वेळी मोकळ्या मनाने मागतील. नाही घेतलंस तर त्यांना मागताना ते झाकण आठवेल.”

हे बोल आम्हाला फार पटले. सफवानच्या हकीकतीतही पुढे असे आहे की काही चिलखते गहाळ झाली आणि प्रेषितांनी (स.) भरपाई देऊ केली. सफवानने ती घेतली नाही, कारण तोवर त्याचे मन इस्लामकडे वळले होते. माफ करणे मालकाचा हक्कच आहे. पण देऊ करणे घेणाऱ्याने चुकवू नये, आणि रोजीरोटीच्या वस्तूची भरपाई मालकाने संकोचाने परत लोटू नये.

भाच्याने झाकण लेन्सवर बसवले आणि बॅटरीची गोष्ट ऐकल्यावर म्हणाला, “बॅटरी दिली असती तर मी काही म्हटलं नसतं. लेन्स दिली असती तर मात्र झोप लागली नसती.” म्हणजे परवानगीचीही माप असते. पुढच्या वेळी यादीत प्रत्येक वस्तूपुढे एक खूण असेल, कुणाला देता येईल आणि कुणाला नाही याची.

आमच्या वाचकांसाठी

ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की नको असेल तर गोड शब्दांत नाही म्हणा. नाइलाजाने हो म्हणून मागून कुरकुरण्यापेक्षा ते बरे. द्यायचा असेल तर कशासाठी, किती दिवस, कोण वापरणार आणि बिघडला तर काय, हे देतानाच बोला. महागाच्या सामानाचा विमा असेल तर दुसऱ्याच्या हाती असताना तो लागू होतो का, हे कंपनीला आधी विचारा. कार्ड काढून घेतल्याशिवाय कॅमेरा घराबाहेर जाऊ देऊ नका.

जे मागणार आहेत त्यांनी मालकाच्या कामाचे दिवस आधी विचारावेत. कार्ड आपले न्यावे. परत द्यायचा दिवस स्वतः सांगावा आणि त्याच्या आधी द्यावा. काही झाले तर त्याच तासाला फोन करावा. आणि चांगले आलेले दोन-चार फोटो छापून मालकाच्या घरी जरूर द्यावेत. आपांच्या बैठकीत आता खोकरीच्या घुमटांचा फोटो लावला आहे. येणारे पाहुणे विचारतात की हा मुलाने काढला का. आपा सांगतात, “नाही, त्याच्या मामूंनी. कॅमेरा आमचाच.”

मुरूडला जायचे तर पावसाळा संपल्यावर जा. जंजिऱ्यावर भरतीची वेळ विचारून जा, खोकरीला सकाळी जा, आणि काशीदला लेन्स बदलू नका.